कॅबिनेट रूपांतर

कॅबिनेट रूपांतर : मूळ रचनेहून वेगळे सुटे भाग बसावेत म्हणून संगणकाच्या पेटीत केलेले कापकाम व जोडकाम.

आयबीएमच्या १९८४ मधील पीसी/एटी संगणकापासून एटी मांडणी रूढ झाली. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणले (पहा : मदरबोर्ड) आणि जुन्या पेट्यांना नव्या मदरबोर्डची मागील जोडणी-चौकट जुळेनाशी झाली. एटीएक्सची कमाल मापे ३०५ × २४४ मिमी.; व्हिया कंपनीच्या २००१ मधील मिनी-आयटीएक्सची १७० × १७० मिमी.

कामात मागचा पत्रा कापणे, रिव्हेट काढून ड्राइव्हचा पिंजरा हलवणे आणि मदरबोर्डखालचे पितळी आधारखुंट नव्या छिद्रांवर बसवणे येते. नको असलेला एकही खुंट राहिल्यास तो मदरबोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते. लोखंडाचा कीसही तितकाच घातक. म्हणून कापण्यापूर्वी सर्व भाग बाहेर काढतात. एटी पेटीच्या बटणातून घरगुती वीजदाब थेट जातो, एटीएक्सच्या बटणातून मात्र केवळ अल्पदाबाचा संकेत. त्यामुळे जुने बटण व त्याच्या तारा काढून टाकणे अनिवार्य आहे (पहा : भूसंपर्कन). कोकणपट्टीच्या दमट हवेत कापलेली कड लवकर गंजते. तिला प्रायमर लावतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही सुट्या भागांची प्रमुख बाजारपेठ. रूपांतरामुळे सुस्थितीतील पत्र्याची पेटी भंगारात जात नाही (पहा : ई-कचरा).