मगर, जनावर आणि डब्ल्यू ५८

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मगरीच्या चाव्याला किंवा शेपटीच्या तडाख्याला डब्ल्यू ५८ हा संकेतांक आहे. पेडणे-डिचोलीत कोणी ‘सुसर’ म्हणो वा ‘मगर’, क्रमांक बदलत नाही. अमेरिकेतील ॲलिगेटरही याच क्रमांकात येतो. कुंभारजुवे कालव्यामुळे गोव्याला परिचित असलेली मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे.

हा क्रमांक एकटा लिहायचा नसतो. जखमेचा क्रमांक वेगळा: पोटरीवरील उघड्या जखमेला एस ८१. डब्ल्यू ५८ सांगतो तो जखमेचे कारण. पुढचा आकडा जागेचा: शेतात घडले तर ७, नदीत किंवा कालव्यात घडले तर ८. त्यामुळे खाजन शेतातील हल्ला आणि नदीतील हल्ला नोंदीत वेगळे दिसतात. अमेरिकेची स्वतंत्र आवृत्ती त्याहून काटेकोर. तिथे चावणे, तडाखा बसणे आणि चिरडणे यांचे क्रमांकही निराळे आहेत.

अजगर आणि घोरपड यांचा चावा डब्ल्यू ५९ मध्ये जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशासाठी एक्स २० आणि विषबाधेसाठी टी ६३.० असतो. अजगराचा चावा नुसता ‘सर्पदंश’ म्हणून लिहिला, तर विषारी दंशांची संख्या फुगते.

खरी गोची केसपेपरवर होते. कोकणपट्टीत सापाचे नाव घेणे टाळून ‘जनावर’ म्हणण्याची रीत आहे. ‘जनावर चावले’ हे घाईत ‘प्राण्याचा चावा’ असे उतरले, की साप असो वा मगर, नोंद डब्ल्यू ६४ या अनिश्चित गटात जाऊन पडते. कधी सस्तन प्राण्यांच्या डब्ल्यू ५५ मध्येही. एवढ्या साध्या शब्दावर इतके अवलंबून असावे, हे खटकते.

मृत्यूच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते. मगरीने पाण्यात ओढलेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावर केवळ ‘बुडून मृत्यू’ लिहिले, तर नोंद डब्ल्यू ७४ होते. मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारणच मोजले जाते. म्हणून कोणत्या पाणवठ्यावर सूचनाफलक हवा, हे ठरवताना ती घटना हाती येत नाही. डॉक्टरांनी प्राण्याचे नाव, घटनेची जागा आणि चावा की तडाखा, एवढे लिहिले तरी संकेतांक देणाऱ्याचे काम भागते.