निदानरहित दानाची परंपरा

जैन आचारग्रंथांत व्रती माणसाची ओळख सांगताना एक मार्मिक अट घातलेली आहे. केवळ व्रते घेतली म्हणून कोणी व्रती ठरत नाही. त्याच्या अंतःकरणात शल्य उरता कामा नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी ही अट सांगितली आहे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही ती तीन शल्ये होत. त्यांपैकी निदान म्हणजे केलेल्या धर्माच्या मोबदल्यात पुढे भोग, ऐश्वर्य वा स्वर्ग मिळावा असा मनाशी बांधलेला संकल्प. पायात रुतलेला काटा बाहेरून दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला तो सलतो. निदानाचेही तसेच आहे.

आशेइतकेच भयही शास्त्रकारांनी त्याज्य मानले. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निःशंकित हे पहिले आणि निःकांक्षित हे दुसरे. निःशंकित अंगाचे विवेचन करताना सात भयांचा निर्देश येतो आणि त्यांत परलोकभयाचाही समावेश आहे. नरकाच्या धाकाने केलेली दया आणि स्वर्गाच्या आशेने केलेले दान, दोहोंतही श्रद्धा अपुरीच राहते.

येथे एक शंका संभवते. कर्मसिद्धांतानुसार शुभाशुभ कर्मांचे फळ तर मिळतेच. मग त्याची अपेक्षा का धरू नये? याला परंपरेने शेतीचा दृष्टांत दिला आहे. शेतकरी पेरणी करतो ती धान्यासाठी. कडबा धान्यामागून आपोआप येतो. पुण्य हे कडब्यासारखे आहे. ते येईल, पण दृष्टी त्यावर खिळली की पेरणीचा हेतूच हरवतो. म्हणूनच आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात दात्याचे सात गुण सांगताना ऐहिक फळाच्या अपेक्षेचा अभाव प्रथम ठेवला आणि निरहंकारित्वाने शेवट केला.

हे तत्त्व समाजाने कसे जतन केले, याचे उत्तम उदाहरण श्रवणबेळगोळ येथे पाहावयास मिळते. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचे सेनापती चामुंडराय यांनी गोमटेश्वराची भव्य मूर्ती उभारली. मूर्तीच्या पायथ्याशी त्यांचे नाव कोरलेले आहे आणि मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो लेख सुपरिचित आहे. परंतु त्याच मूर्तीविषयी लोकपरंपरा वेगळी कथा सांगते. चामुंडरायांनी घडेच्या घडे दूध ओतूनही पहिला अभिषेक पूर्ण होईना. अखेर एका वृद्धेने छोट्याशा पात्रातून आणलेल्या दुधाची धार मस्तकापासून चरणांपर्यंत पोहोचली. ती वृद्धा म्हणजे गुल्लिकायी अज्जी. कथेला शिलालेखाचा आधार मागण्याचे कारण नाही. तिच्यातून समाजाचा विवेक बोलतो. ज्या समाजाने चामुंडरायांचे नाव आदराने जपले, त्याच समाजाने अज्जीची मूर्तीही गोमटेश्वरासमोर उभी केली.

अशी उदाहरणे केवळ प्राचीन काळातच शोधावी लागतात असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व एकत्र जेवत. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या होत्या. तरीही या मुलांच्या त्या आई झाल्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी एकेक दागिना गेला. एके प्रसंगी मुलांच्या जेवणाला धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही देऊन टाकले.

या त्यागाचे मोल सोन्याच्या वजनावरून ठरत नाही. पती हयात असताना मंगळसूत्र गळ्यातून काढणे त्या काळी अशुभ मानले जाई. परजातीच्या मुलांना पंक्तीस घेणे म्हणजे धर्म बुडविणे, अशीही समजूत सर्वत्र होती. लक्ष्मीबाईंपुढे पुण्याचे आमिष नव्हतेच. उलट लोकसमजुतीने दाखविलेली भये मात्र होती. भुकेल्या मुलांकडे पाहताना ती सारी गळून पडली. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे संस्थेचा झालेला विस्तार त्यांना पाहता आला नाही आणि तो पाहण्याच्या अटीवर त्यांनी काही दिलेही नव्हते.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे दान वेगळ्या प्रकारचे. १९४० साली आपली न्यायाने मिळविलेली संपत्ती धर्म आणि समाजाच्या कामी लावावी, अशी इच्छा त्यांच्या मनात प्रबळ झाली. आपल्या आवडीचे काही उभारून ते मोकळे झाले असते. परंतु त्यांनी देशभर प्रवास करून विद्वानांची मते प्रत्यक्ष आणि पत्रांद्वारे गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा तीर्थक्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून त्यांच्यापुढे हाच प्रश्न ठेवला. त्या विचारविनिमयातून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्मास आला. प्रारंभी ३०,००० रुपये जाहीर झाले आणि १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची संपूर्ण संपत्ती त्यांनी संघाच्या स्वाधीन केली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला तिलोयपण्णत्ती हा प्राकृत ग्रंथ या दानातूनच प्रकाशात आला.

ग्रंथमालेला जीवराजजींचे नाव मिळाले, हे खरे. पण नाव मिळणे आणि नावासाठी देणे यांत कडब्याचा आणि धान्याचा भेद आहे. कोणत्या कामाची समाजाला खरी गरज आहे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी इतरांच्या हाती दिला. दात्याचा अहंकार बहुधा याच ठिकाणी अडतो. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले. सल्लेखनेच्या पाच अतिचारांत शेवटचा अतिचार निदान हाच सांगितला आहे. ज्यांनी हयातीतच सर्वस्व हातावेगळे केले, त्यांना अंतसमयी मागण्यासारखे काय उरले असणार?

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांवर जैन संस्थांचा डोलारा उभा आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात देणगीदारांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण होते, आणि ते उचितच आहे. कृतज्ञता हा घेणाऱ्याचा धर्म होय; तिची अपेक्षा न ठेवणे हा देणाऱ्याचा. संस्थेच्या नोंदवहीत रकमा राहतात, भिंतीवर नावे राहतात. परंतु कोणी निमूटपणे पंक्तीत वाढले, कोणी रुग्णाच्या उशाशी रात्र काढली, कोणी पाठशाळेतील मुलांना वर्षानुवर्षे विनामोबदला शिकविले, त्याची नोंद कोठेही नसते. गुल्लिकायी अज्जीच्या त्या लहानशा पात्राचे मोल जाणणाऱ्या समाजाने अशा अनामिकांचेही ऋण मानले, तर सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.