रिकामा रकाना

ध्वनिमुद्रणात आवाज येतो, चाल येते, शब्द येतात. गाणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याचं आणि शब्द लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्यात आपोआप येत नाही. ते कुणीतरी वेगळं लिहून ठेवावं लागतं. तबकडीच्या काळी ते मधल्या गोल कागदावर असायचं, कॅसेटच्या काळी डबीतल्या घडीच्या कार्डावर, आणि आता फाइलीला चिकटवलेल्या रकान्यांमध्ये असतं. कागद फाटला, कार्ड हरवलं, रकाना रिकामा राहिला, तरी गाणं वाजतच राहतं. त्यामुळे काही हरवलं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा विचार मनात घोळू लागला तो कडोदऱ्यात. सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो तिथलं हे गाव. सगळीकडे कापडाच्या मिल्स, प्रोसेस हाउसेस आणि ट्रकांची वर्दळ. माझे आतेभाऊ तिथे एका डाइंग मिलमध्ये कितीतरी वर्षं नोकरीला आहेत. आतोबांनी फोंड्याला असताना जमवलेल्या तबकड्या आणि कॅसेटी त्यांनी हळूहळू संगणकात भरून घेतल्या होत्या. हजाराच्या वर फाइली. उघडून पाहिलं तर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'अननोन आर्टिस्ट'. बाजूच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं जळगाव-धुळे-नंदुरबारकडची. त्यांच्या पोरांच्या मेमरी कार्डांवरच्या अहिराणी गाण्यांची तीच अवस्था. मी दादांकडे आठ-दहा दिवस राहणार होतो. म्हटलं, बसून नावं लावू या. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काका, नाव नसलं तर काय बिघडलं? गाणं तर वाजतंय ना!"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. त्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकल्या तर गाणं संपता संपता बाई घाईघाईने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगताना ऐकू येतात. पुष्कळांना तो नखरा वाटतो. कारण अगदी व्यवहारी होतं. मुद्रित झालेला साचा जर्मनीत हॅनोव्हरला जायचा आणि तबकड्या तिथे छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला ना हिंदुस्थानी कळे ना बंगाली. कोणत्या साच्यावर कोणतं लेबल लावायचं हे त्याला समजावं म्हणून नाव गाण्यातच बोलून ठेवायचं. म्हणजे 'ट्रॅक ०१'चा प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यांनी तो आपल्यापेक्षा बरा सोडवला होता. आवाज टिकेल तोवर नाव टिकेल!

पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यालाच सियालदहला कारखाना निघाला. ही बोललेली नावं मागे पडली आणि लेबलावर भिस्त आली. लेबल म्हणजे तळहाताएवढा कागद. त्यावर गाणाऱ्याचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, कधी राग, कधी नाटकाचं नाव, आणि तबकडीचा क्रमांक. पदं कुणाची, चाल कुणाची याला बहुधा जागाच नसे. गाणाराच खपतो, हा कंपनीचा हिशेब.

गाणाऱ्यालाही ही जागा नेहमी मिळायची असं मात्र नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं 'आयेगा आनेवाला' सगळ्या देशाने डोक्यावर घेतलं, पण त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, आणि मग लोकांना कळलं की हा आवाज लता मंगेशकरांचा. आमच्या मंगेशीचं नाव लावणारी ही गायिका! तिच्या कारकिर्दीतल्या इतक्या महत्त्वाच्या गाण्यावर तिचंच नाव नव्हतं. लोकांनी विचारलं म्हणून ते लागलं.

आता संगणकाच्या काळाकडे येऊ. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यावर आवाज लख्ख होता, पण साध्या सीडीवर गाण्यांची नावं नसतात. असते ती फक्त कोणतं गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याची नोंद. १९९३ च्या सुमारास काही हौशी लोकांनी या लांबीच्या नोंदींवरून सीडी ओळखायची युक्ती काढली. एकाने नावं टाइप करायची, बाकीच्यांना ती आपोआप मिळायची. एखाद्या मराठी सीडीची नावं कुणी टाइपच केली नसतील, तर आपल्या पदरी 'ट्रॅक ०१'.

मग एमपीथ्री आली. १९९६ मध्ये त्या फाइलीच्या शेपटाला १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली, तिचं नाव आयडीथ्री. गाण्याच्या नावाला तीस बाइट, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, वर्षाला चार, शेऱ्याला तीस आणि प्रकाराला एक. संगीतकाराचा रकाना नव्हता. कवीचाही नव्हता. संगीताच्या प्रकारांची मूळ यादी ऐंशीची होती, ब्लूजपासून हार्ड रॉकपर्यंत. तिच्यात नाट्यसंगीत कुठे असणार? आपलं सगळं 'अदर'मध्ये. देवनागरीचा तर विचारच नव्हता. आजच्या युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'दीनानाथ मंगेशकर' एवढं लिहायलाच त्रेचाळीस बाइट लागतात, म्हणजे तीसच्या रकान्यात मंगेशकर अर्धेच राहतात. १९९८ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात संगीतकार आणि गीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले, देवनागरीही बसू लागली. आज कडोदऱ्यातल्या जुन्या संगणकावरही हे रकाने फुकटच्या प्रोग्रॅममधून भरता येतात. आता अडचण यंत्राची राहिलेली नाही. त्यात काय भरायचं ते माहीत असायला हवं.

यंत्राची मदत होते, नाही असं नाही. गाण्याचा नुसता आवाज तपासून ते ओळखणारे प्रोग्रॅम आहेत. म्युझिकब्रेन्झ नावाचा लोकांनी भरलेला मोठा नोंदसंग्रह आहे, त्याच्याशी ते ताडून बघतात. हिंदी चित्रपटगीतं पटापट सापडली. जुनी नाट्यपदं घातली की बहुतेक वेळा यंत्र हात हलवत परत यायचं. ज्याची नोंद कुणी केली नाही ते त्याला कुठून माहीत असणार? तिथे मग आपला कान, जुनी नाट्यपुस्तकं आणि 'आठवणीतली गाणी'सारखं संकेतस्थळ.

या कामातच एक गोष्ट समोर आली आणि मी थबकलो. बालगंधर्वांच्या पदांच्या फाइली होत्या. 'स्वयंवर', 'मानापमान' आणि 'एकच प्याला' या तीन नाटकांतल्या. काहींवर नुसतंच 'बाल गंधर्व', काहींवर ते इंग्रजी स्पेलिंगं बदलून, त्यामुळे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गवई. संगीतकाराचा रकाना सगळीकडे कोरा. आता बघा. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या भास्करबुवा बखल्यांच्या. पदं दोन्हीकडे काकासाहेब खाडिलकरांची. 'एकच प्याला' १९१९ चं. नाटक गडकऱ्यांचं, म्हणून पदंही त्यांचीच असं पुष्कळ जण धरून चालतात. पण ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि चालींत सुंदराबाईंचा वाटा. एकाच आवाजाच्या मागे ही एवढी माणसं उभी आहेत, आणि फाइलीत एकाचंही नाव नाही.

यातले भास्करबुवा तर कडोदऱ्याच्या शेजारचे. १७ ऑक्टोबर १८६९ चा त्यांचा जन्म, गाव कठोर, बडोदे संस्थान. काही ठिकाणी 'बडोद्याजवळील कठोर' असं छापलेलं दिसतं, पण बडोदे संस्थान हे बडोदे शहराभोवती गोळा झालेलं नव्हतं. त्याचा नवसारी प्रांत सुरतेच्या आजूबाजूला तुकड्यातुकड्यांनी पसरला होता, कामरेज त्यातच होतं, आणि कामरेजला लागून कठोर नावाचं गाव आजही आहे. कडोदऱ्याहून उत्तरेला पंधराएक किलोमीटर. भास्करबुवांचं कठोर ते हेच, असा माझा कयास. 'संस्थान' हा शब्द गळला की माणसाचं गाव शंभरावर किलोमीटर सरकतं. रकाना नुसता भरून भागत नाही, नीट भरावा लागतो, तो असा.

तर हे भास्करबुवा. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गाणारे नट होते. पुढे बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि मग अल्लादिया खाँ, अशा तीन घराण्यांची विद्या त्यांनी घेतली. लोक त्यांना देवगंधर्व म्हणत. पुण्याचं भारत गायन समाज त्यांनी १९११ मध्ये स्थापन केलं. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. आमच्या गोव्याच्या ताराबाई शिरोडकर त्यांच्याकडे शिकल्या, केसरबाई केरकरही काही काळ शिकल्या. ८ एप्रिल १९२२ ला बुवा गेले. त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

हे शेवटचं वाक्य मी त्या मुलाला समजावून सांगितलं. ज्याचा आवाज आहे त्याचं नाव गेलं तरी आवाज राहतो, कुणीतरी जाणकार कधीतरी ओळखतो. ज्याचा आवाजच नाही तो माणूस फक्त दुसऱ्याच्या गाण्यातल्या 'संगीतकार' या रकान्यात जिवंत असतो. तो रकाना कोरा ठेवला की त्याच्या जन्मगावापासून पंधरा किलोमीटरवर त्याचीच चाल वाजत राहते आणि त्याचा पत्ता कुणाला नसतो. दीनानाथांच्या फाइलींतही हेच. 'रणदुंदुभी'ची पदं वीर वामनराव जोश्यांची, चाली वझेबुवांच्या. ही नावं लिहिली नाहीत तर ती कुठून ऐकू येणार?

गोव्याच्या गायिकांच्या बाबतीत नाव म्हणजे आणखीही काही असतं. केरकर, कुर्डीकर, शिरोडकर. कलावंत घरांतल्या या बायकांनी बापाचं आडनाव लावलं नाही, गावाचं लावलं. मोगूबाईंचं कुर्डी १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ तेवढं वर येतं. एरवी ते गाव मोगूबाईंच्या आडनावात आहे. कुणी फाइलीत नुसतं 'मोगूबाई' लिहून मोकळा झाला तर एक गाव दुसऱ्यांदा बुडतं. आणि केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या सोनेरी तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या आहेत, गायिकेचं नाव नाही. निदान पृथ्वीवर तरी ते असावं.

यात भावनेपलीकडचाही भाग आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५२अ हे कलम १९८४ मध्ये आलं. ध्वनिमुद्रिकेवर काय छापलंच पाहिजे ते त्यात दिलं आहे: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष. कवी, संगीतकार, गायक यांची नावं छापलीच पाहिजेत असं हे कलम म्हणत नाही. मालक कळला की कायद्याचं काम झालं! २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही असं ठरवलं. पण वाटा द्यायचा तर तो कुणाला, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. भास्करबुवांच्या चालींचे हक्क केव्हाच संपले. शेजारच्या मुलाच्या कार्डावरची अहिराणी गाणी लिहिणारा मात्र कदाचित आज धुळ्यात किंवा लिंबायतमध्ये हयात असेल. त्याच्यासाठी रिकामा रकाना म्हणजे बुडालेले पैसे.

काम करताना दादांनी आणि मी काही पथ्यं ठरवली होती, ती सांगून टाकतो. तबकडीवरचा क्रमांक मिळाला तर आधी तो लिहायचा, कारण नावांचे घोळ होतात, आकड्यांचे कमी. गाणारा, लिहिणारा आणि चाल देणारा यांची कधी सरमिसळ करायची नाही. 'पारंपरिक' हा शब्द माहिती नसल्याची पळवाट म्हणून वापरायचा नाही. आणि खात्री नसेल तर रकाना कोराच ठेवायचा, कारण कोरा रकाना पुढच्या माणसाला शोधायला लावतो, चुकीचं नाव त्याला गप्प बसवतं. टोपणनावं तशीच ठेवायची. 'साधी माणसं'चं संगीत 'आनंदघन' यांचं. ते नाव लता मंगेशकरांनी स्वतः निवडलं होतं, म्हणून संगीतकाराच्या रकान्यात आनंदघनच राहतील आणि शेऱ्यात खुलासा येईल. 'कामिनी' दुसऱ्याने लादलेलं, तिथे नाव दुरुस्त करायचं आणि लेबलावर काय होतं ते शेऱ्यात नोंदवायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत साडेतीनशेच्या वर फाइली झाल्या होत्या. बाकीच्या दादा रात्रपाळी नसेल तेव्हा करतात. शेजारचा तो मुलगा आता त्याच्या आजोबांना बसवून एकेक अहिराणी गाणं ऐकवतो आणि विचारतो, हे कुणी केलं? आजोबांना आठवतात ती नावं तो वहीत लिहून घेतो. गावासकट.