ब्रायटनचे प्रेक्षक उठून गेले तेव्हा

विनोद पडला हे नटाला बहुधा प्रेक्षागृहातल्या शांततेवरून कळतं. १९६१ च्या वसंतात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात चार तरुण नटांना ते आवाजावरून कळलं. प्रयोग ऐन रंगात यायच्या वेळी लोक उठून जात होते आणि त्यांच्यामागे खुर्च्या खाडखाड मिटत होत्या.

पीटर कुक, डडली मूर, ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर हे ते चौघे. कार्यक्रमाचं नाव ‘बियाँड द फ्रिंज’. नेपथ्य नावापुरतं, एक पियानो आणि छोट्या प्रहसनांची माळ. २२ ऑगस्ट १९६० रोजी एडिंबरा महोत्सवात पहिला प्रयोग झाला आणि गाजला. मग ब्रायटनमध्येच काय बिनसलं?

मुख्य ठिणगी पडली ती महायुद्धावरच्या एका प्रहसनाची. त्यात एक वरिष्ठ अधिकारी तरुण वैमानिकाला शांतपणे सांगतो की, युद्ध काही नीट चाललेलं नाही, तेव्हा एखादं निरर्थक बलिदान झालेलं बरं; तर तू जा आणि परत येऊ नकोस. नटांचा रोख होता तो १९५० च्या दशकातल्या युद्धपटांमधल्या गोडगोड शौर्यावर. पण युद्ध संपून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. ब्रायटनवर स्वतः बाँब पडले होते. समोर बसलेल्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ; ज्यांच्या घरचा कुणी खरोखरच परत आला नव्हता, त्यांना यात सिनेमा दिसला नाही, आपला माणूस दिसला. त्यांना विनोद कळला नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही.

आता गंमत पाहा. १० मे १९६१ रोजी हाच खेळ लंडनच्या फॉर्च्यून थिएटरात लागला. नट तेच, प्रहसनंही बहुतेक तीच. समीक्षक केनेथ टायनन यांनी तोंड भरून स्तुती केली आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली. खेळ तोच होता. बदलले होते ते समोरचे लोक.

त्या काळी इंग्लंडात प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागे. हा नियम १९६८ पर्यंत चालला. म्हणजे रंगमंचावर ऐन वेळी काही सुचलं तरी ते बोलणं कायद्यात बसत नसे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची तिथे पंचाईतच झाली असती! पण ब्रायटन सांगतं की सरकारी शिक्का मिळाला म्हणून प्रेक्षकांचा शिक्का मिळतोच असं नाही.

उलटा प्रसंग लंडनला घडला. पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांची कुक करत असलेली नक्कल रोज हशा घेई. एके रात्री खुद्द मॅकमिलन प्रेक्षकांत येऊन बसले. कुकनी संहिता सोडली आणि पंतप्रधानांच्याच आवाजात, तरुण विडंबनकारांसमोर मूर्खासारखं हसत बसलेल्या म्हाताऱ्याची थट्टा सुरू केली. सभागृह गोठलं. मॅकमिलननी कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं. कुक मात्र थांबले नाहीत. रोजच्या नकलेत थट्टा सत्तेची होती. त्या रात्री लोकांना समोर एक वयस्क गृहस्थ दिसला आणि त्यांचीच मान खाली गेली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये कुकनी सोहो भागातल्या ग्रीक स्ट्रीटवर ‘द एस्टॅब्लिशमेंट’ नावाचा क्लब काढला. फक्त सभासदांसाठी असल्यामुळे लॉर्ड चेंबरलेनचा अंमल तिथे चालत नसे. हवं ते बोलायची मुभा मिळाली. तरी १९६४ मध्ये क्लब बंद पडला. हिटलरला रोखण्यात बर्लिनच्या विनोदी क्लबांनी केवढी कामगिरी केली, असा उपरोधिक टोला कुक पुढे मारत. विडंबनाच्या ताकदीबद्दल त्यांचा फारसा भ्रम नव्हता.

धारदार विनोद करावा की करू नये, हा वाद जुनाच आहे. ब्रायटन आणि मॅकमिलन या दोन रात्री त्यात एवढीच भर घालतात: विनोदाचा नेम नटाच्या मनात कुठेही असो, घाव कुठे लागला हे समोर बसलेला माणूस ठरवतो. तो उठून गेला, तर त्याला अरसिक म्हणण्याआधी त्याच्या घरात काय घडून गेलं आहे, हे एकदा विचारायला हरकत नाही. आणि एवढं विचारूनही जो विनोद करावासा वाटतो, तो मग जरूर करावा.