प्रजननक्षमता-जतन : तरुण स्त्रियांच्या कर्करोगोपचारांत

कर्करोगावरील उपचारांमुळे तरुण स्त्रीची पुढे मूल होण्याची शक्यता संपू नये, म्हणून शक्यतो उपचारांआधीच तिची स्त्रीबीजे, भ्रूण किंवा अंडाशयाची ऊती राखून ठेवण्याची वैद्यकीय व्यवस्था. स्तनाचा, रक्ताचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि हॉजकिन लिंफोमा यांत हा प्रश्न विशेषकरून उभा राहतो.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतली ३-४ लाख उरतात आणि नव्याने भर पडत नाही. केमोथेरपीतील (केमो) सायक्लोफॉस्फमाइड, बुसल्फान यांसारखी औषधे हा साठा झपाट्याने घटवतात. किरणांपुढे तर स्त्रीबीज फारच नाजूक : २ ग्रेहूनही कमी मात्रेत निम्मी बीजे मरतात. ओटीपोटावर किरणांचा शेक दिल्यास गर्भाशयाचेही नुकसान होते. केमोनंतर पाळी परत आली की सारे पूर्ववत झाले असे मानले जाते. ते खरे नाही. पाळी नियमित असूनही साठा घटलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती अकाली येऊ शकते.

सर्वांत रुळलेला मार्ग स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवण्याचा. १० ते १४ दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व केली जातात, सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने काढली जातात आणि अतिजलद गोठवून −१९६° से. तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवली जातात. पूर्वी यासाठी पाळीची वाट पाहावी लागे. आता कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. भ्रूणासाठी शुक्राणू लागतात आणि त्या भ्रूणावर स्त्री-पुरुष दोघांचा हक्क येतो. अविवाहित मुलीला म्हणूनच स्वतःची बीजे गोठवणे अधिक सोयीचे. भारतात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे साठवता येते.

वयात न आलेल्या मुलींना, किंवा दोन आठवडेही थांबता येत नसेल तेव्हा, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या बाह्यस्तराचे तुकडे काढून गोठवतात व बरे झाल्यावर परत रोपतात. बेल्जियममध्ये हॉजकिन लिंफोमाच्या एका रुग्णाची ऊती १९९७ मध्ये अशी जतन केली होती. झाक दोने यांच्या चमूने ती पुन्हा रोपल्यावर २००४ मध्ये तिला मूल झाले. या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का अमेरिकी प्रजननवैद्यक संस्थेने २०१९ मध्ये काढला. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्या तुकड्यांतून रोगपेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो.

केमोच्या काळात गोसेरेलिनची इंजेक्शने देऊन अंडाशय निद्रिस्त ठेवता येतात. त्याने काही संरक्षण मिळते, पण ते बीज गोठवण्याला पर्याय नव्हे. किरणांच्या टप्प्याबाहेर अंडाशय सरकवणे, किंवा गर्भाशयमुखाच्या प्राथमिक कर्करोगात गर्भाशय राखून केवळ मुख काढणे, हेही उपाय आहेत; यांतला दुसरा फ्रान्सच्या दानिएल दार्जाँ यांनी रूढ केला.

स्तनाच्या कर्करोगातून बरे होणाऱ्या स्त्रीने गरोदर राहू नये, अशी भीती दीर्घकाळ घातली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात १८ ते ३० महिने संप्रेरकविरोधी गोळ्या घेऊन, मग गरोदरपणासाठी त्या दोन वर्षांपर्यंत थांबवणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण निदान पहिल्या काही वर्षांत तरी वाढलेले दिसले नाही.

‘आधी जीव वाचू दे, मुलाबाळांचे नंतर बघू’ असे घरचे म्हणतात, ते मायेपोटीच. पण नंतर बघायला कधीकधी फारसे काही उरलेले नसते. उपचारांपूर्वी याविषयी प्रत्येक रुग्णाशी बोलावे, अशी शिफारस अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ पासून केली आहे. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर केमोची पहिली तारीख ठरण्याआधी रुग्णाने किंवा तिच्या आईने तो न संकोचता काढावा.