कथेतील निद्रा आणि श्रोत्याची निद्रा

इटलीतील मध्ययुगीन कथा आपण वाचू लागलो की एक गोष्ट चटकन ध्यानात येते : तेथे कोणी निजला की काहीतरी घडणार असे समजावे. बोकॅचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये 1348 च्या प्लेगमुळे फ्लॉरेन्स सोडून गेलेली दहा माणसे शंभर कथा सांगतात. त्यांतील फेरोंदो हा भोळा नवरा. त्याच्या बायकोवर डोळा असलेला मठाधिपती त्याला मद्यातून चूर्ण देऊन तीन दिवस निजवितो. लोक तो मेला समजून त्याला पुरतात. जाग येते ती काळोख्या तळघरात; हा परलोक आहे, असे त्याला सांगण्यात येते आणि दहा महिने तो ते खरे मानतो! दुसऱ्या कथेत चिमोने नावाचा मठ्ठ तरुण निजलेली तरुणी पाहतो आणि तेथून शहाणा होऊ लागतो. निजलेल्याला काहीच कळत नाही. कथा पुढे नेतो तो जागा असलेला.

आपल्याकडे काय दिसते? बिरवाडीकरांना त्यासाठी दूर जावयास नको. शिवथरच्या घळीत दासबोधाचे लेखन झाले, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये या घळीचा शोध लावला. या ग्रंथाच्या 18 व्या दशकातील 9 वा समास निद्रेवरच आहे. प्रथम जांभया, मग डुलक्या, मग घोरणे. कोणाचे मुंडासे गडगडते, कोणी दात खातो, कोणी झोपेतच उठून उकिरड्यावर जाऊन निजतो. शेवटी लोक जागे होतात. कोणी पाठ म्हणू लागतो, कोणी जपाला बसतो.

हे वाचताना हसू येते; परंतु येथे चूर्ण देणारा मठाधिपती नाही. आपणच आपल्याला फसवितो. लगेच पुढचा समास श्रोत्याच्या अवलक्षणांचा आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. त्या काळी पोथी एकाने वाचावी आणि अनेकांनी ऐकावी, अशी रीत होती. फेरोंदो निजला तरी कथा चालते. श्रोता निजला की पोथी उघडी असूनही मिटल्यासारखीच. समर्थांना चिंता होती ती या निद्रेची. व्याख्यानाला जमणाऱ्या आपणां सर्वांनाही ती लागू आहे.