कुरटे बेटावरचे गोडे पाणी

मालवणच्या किनाऱ्यासमोरचे कुरटे बेट जेमतेम ४८ एकरांचे. १९८१पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी येथे सिंधुदुर्गाच्या कामाला आरंभ केला. त्याच्या तटाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण वेढा पडला तर तट कितीही जाड असून काय उपयोग, आत पाणी हवे! ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींनी पुरवले.

चहूकडे खारे पाणी असताना विहिरी गोड्या कशा? समुद्राचे पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे जमिनीत जिरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. समुद्रसपाटीच्या वर ते एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असते. हा नियम घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो. (कठीण, भेगाळ खडकात मात्र आकडा इतका नेमका येत नाही.)

या नियमाची दुसरी बाजू धोक्याची आहे. वरची पातळी एक मीटर उतरली, की कालांतराने खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकते. हवाईतील ओआहू बेटावर १८७९ मध्ये पहिली विंधनविहीर खणली, तेव्हा पाणी आपोआप उसळले. पुढे उसाच्या मळ्यांसाठी इतका उपसा झाला, की दाब घटला आणि काही विहिरी खारावल्या.

कुरट्याचा हिशेब वर्गात करून पाहावा. अडीच मीटर पाऊस धरला तर बेटावर वर्षाला सुमारे ४८ कोटी लिटर पाणी पडते. शंभर माणसांना, प्रत्येकी रोज शंभर लिटर धरून, वर्षाला साडेछत्तीस लाख लिटर पुरते. म्हणजे पाऊस भरपूर; प्रश्न आहे तो किती जिरतो आणि किती काळ टिकतो याचा.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, पुढच्या वर्षी तो करवीरकरांना परत केला आणि १८१२ मध्ये कायमचा घेतला. आज तेथे मोजकीच कुटुंबे राहतात. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. एरवी पर्यटकांची रीघ. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यामुळे ती वाढणारच. पर्यटक पिण्याचे पाणी बाटलीतून आणतील. सांडपाणी मात्र त्याच खडकात जिरेल, ज्यातून विहिरी भरतात. मे महिन्यात विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने मोजणे शाळेच्या प्रयोगशाळेतही जमते. दरवर्षी मोजले, तर फरक दिसेल.